मधल्या डबीचे लेखाशीर्ष

जुना संगणक नव्या टीव्हीला जोडण्याचे काम निम्मे तांत्रिक आणि निम्मे प्रशासकीय आहे. तांत्रिक भाग दहा मिनिटांत उरकतो. प्रशासकीय भागाला एक आर्थिक वर्ष लागते. मार्च तोंडावर असेल तर दोन.

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघाले की राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, ज्याला जुनी माणसे अजून सहा नंबरच म्हणतात, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीजवळ शहापूर लागते. अशा गावातल्या शाळेत या विषयाचे दोन्ही पक्षकार एकाच खोलीत सापडतात. पहिला पक्षकार संगणक. केंद्राची शाळांसाठीची आयसीटी योजना डिसेंबर २००४ ची. तिच्यासारख्या योजनांतून आलेल्या संगणकांना कापडी कव्हरे शिवली गेली, दसऱ्याला हळदकुंकू लागले आणि मॉनिटर गेल्यावर ते कोपऱ्यात बसले. धड चालू असते, दाखवायला तोंड नसते. दुसरा पक्षकार टीव्ही. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आल्यानंतर डिजिटल शाळांची लाट आली आणि ती बरीचशी लोकवर्गणीवर चालली. या लाटेत गाजलेली पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा शहापूर तालुक्यातलीच, मात्र ते शहापूर ठाणे जिल्ह्यातले. एक शहापूर डिजिटल झाले की दुसरे झालेच असे धरण्याची सोय अहवाल लिहिणाऱ्याला त्यामुळे आयती मिळते.

संगणकाने टीव्हीशी बोलणे ही काही नवलाई नाही. १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम मुळात टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात वायर खुपसूनच चालत असे. १९८४ साली ‘क्लास’ प्रकल्पातून भारतीय शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रोलाही टीव्ही चालत असे. पुढे संगणकाला स्वतःचा मॉनिटर मिळाला आणि तो टीव्हीला ओळख देईनासा झाला. आता मॉनिटर गेल्यावर तो पुन्हा टीव्हीच्या दारात आला आहे, पण मधल्या काळात दारे बदलली आहेत.

संगणकाच्या पाठीमागे जे निळे, तीन ओळींचे, पंधरा छिद्रांचे दार असते ते व्हीजीए. आयबीएमने ते १९८७ मध्ये आणले. त्यातून चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या चढउतार होणाऱ्या विद्युतदाबाच्या रूपात, म्हणजे अ‍ॅनालॉग पद्धतीने जाते. टीव्हीच्या मागचे चपटे दार एचडीएमआय. त्याची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ ची, पिना एकोणीस, व्यवहार सगळा शून्य आणि एक यांचा. इंटेल, एएमडी आणि त्यांच्या सोबतच्या काही कंपन्यांनी २०१० च्या डिसेंबरातच जाहीर केले होते की २०१५ पर्यंत व्हीजीएला निरोप द्यायचा. ही बातमी कोपऱ्यातल्या संगणकाला कोणी कळवली नाही.

केबल हातात घेतल्यावर पहिली तक्रार पिनांची होते. छिद्रे पंधरा, पिना चौदा. ‘एक पिन तुटली’ म्हणून केबल परत करायला निघालेल्याने थांबावे. मधल्या ओळीतली नऊ क्रमांकाची पिन अनेक केबलींत मुळातच नसते आणि तिच्यावाचून काम अडत नाही. मंजूर पद रिक्त असूनही कारभार चालतो, हे शाळेला नव्याने सांगायला नको.

दोन दारांची भाषाच वेगळी असल्याने एका टोकाला व्हीजीए आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी साधी, पोटात काही नसलेली केबल काम करत नाही. ती विकत मात्र मिळते. मध्ये चिप असलेली डबी लागते. ती अ‍ॅनालॉगचे डिजिटल करते आणि त्यासाठी यूएसबीतून वीज घेते. ही डबी एकमार्गी असते. बाजारात सर्रास टांगलेली असते ती उलट जातीची, नव्या लॅपटॉपला जुना प्रोजेक्टर जोडणारी. दोन्ही दिसायला जुळी. नागपूरच्या बर्डीवरचा दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून ‘लागते ना भाऊ, बिनधास्त न्या’ म्हणतो, आणि ती खरोखरच लागते, म्हणजे भोकात बसते. चित्र येत नाही. म्हणून मागताना ‘संगणकाकडून व्हीजीए, टीव्हीकडे एचडीएमआय’ असे दिशेसकट मागावे. संगणकाला पांढरे, रुंद डीव्हीआय दार असेल आणि ते डिजिटल जातीचे असेल तर डबीही नको. साधी केबल पुरते.

येथे प्रशासकीय भाग सुरू होतो. संगणक योजनेतला आहे, टीव्ही वर्गणीतला आहे. मधली डबी कोणाचीच नाही. तिची किंमत काही शे रुपये. सादिलमधून घ्यावी तर सादिल वीजबिलात गेलेले असते. समग्र शिक्षाच्या शाळा अनुदानातून घ्यावी तर ते उशिरा येते आणि आले की खडू, फिनाईल आणि नळदुरुस्ती रांगेत पुढे उभी असतात. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव केला तर तीन दरपत्रके मागवण्याचा आग्रह निघतो. नागपूरला तीन फेऱ्या केल्या की एसटीच्या तिकिटात डबी वसूल होते. शेवटी गुरुजी ती स्वतःच्या खिशातून आणतात. ग्रामीण महाराष्ट्रातली बहुतेक डिजिटल क्रांती याच लेखाशीर्षाखाली झाली आहे.

डबी आल्यावर क्रम पाळावा. दोन्ही यंत्रे बंद ठेवून व्हीजीएचे दोन स्क्रू हाताने पिळावेत, यूएसबी लावावी, एचडीएमआय टीव्हीत खोचावी. आधी टीव्ही सुरू करून रिमोटवरच्या सोर्स बटणाने योग्य एचडीएमआय निवडावे, मग संगणक सुरू करावा. कारण संगणक उठताना समोरच्याची चौकशी करतो आणि समोरून १२८ बाइटांत उत्तर येते: बनावट कोणाची, पडदा केवढा, कोणती रिझोल्यूशने झेपतात. मुख्याध्यापकांना यंत्रांची माहिती यू-डायस प्लसवर भरायला लागणारे दिवस पाहता १२८ बाइट ही थोर काटकसर आहे.

‘नो सिग्नल’ अशी पाटी पडद्यावर फिरत राहिली तर निम्म्या वेळा एचडीएमआय एक ऐवजी दोन निवडलेले असते. उरलेल्या वेळी डबीला वीज नसते, नाहीतर संगणकाचे रिझोल्यूशन टीव्हीला न झेपणारे असते. ते जुन्या मॉनिटरवर १०२४ गुणिले ७६८ करून घ्यावे. जुना मॉनिटर गेलेला असल्यामुळेच हा उद्योग चालला आहे, ही अडचण पुस्तकांत नसते. तो तेवढ्यापुरता ग्रामपंचायतीतून मागून आणावा.

चित्र आले की तीन दोष दिसतात. पहिला, कडा कापल्या जातात. जुन्या डब्बा टीव्हीच्या काळापासून पडद्याच्या कडा झाकण्याची सवय टीव्हीला आहे. सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडले की ती सुटते. तोवर उजव्या कोपऱ्यातली तारीख दिसत नाही, पण मागील तारखेने पाठवायच्या अहवालांना त्याची बाधा नाही. दुसरा, चारास तीनचे चित्र सोळास नऊच्या पडद्यावर ताणले जाते आणि प्रत्येक माणूस एकतृतीयांशाने रुंद होतो. स्नेहसंमेलनाच्या फोटोतली किडकिडीत पोरे गुटगुटीत दिसतात. पोषण आहाराची पाहणी करणारे पथक यायचे असेल तर हे सेटिंग बदलू नये. एरवी चारास तीन निवडावे. तिसरा, आवाज येत नाही. व्हीजीए आवाज वाहून नेत नाही. संगणकाच्या हिरव्या भोकातून डबीच्या आवाजाच्या भोकात वेगळी वायर न्यावी लागते. उद्घाटनाची भाषणे चालू असेपर्यंत ती लावण्याची घाई नाही. कवितांच्या तासाआधी लावावी.

राहिली नोंद. संगणक जडसंग्रह नोंदवहीत आहे आणि निर्लेखनाच्या प्रस्तावातही आहे, म्हणजे कागदोपत्री तो मेला आहे. टीव्ही देणगीच्या वहीत आहे. डबी कुठेच नाही, त्यामुळे तिच्या चोरीचा पंचनामाही होणार नाही. ती कपाटात कुलूपबंद करण्यापेक्षा टीव्हीच्या पाठीला चिकटपट्टीने बांधावी आणि शेजारी क्रम लिहिलेला कागद डकवावा: आधी टीव्ही, सोर्स कोणता, मग संगणक. जोडणी ठाऊक असलेल्या गुरुजींची बदली ऑनलाइन होते आणि जाताना ते कार्यभाराच्या यादीवर सही करतात. त्या यादीत वस्तू असतात. त्या चालवायच्या कशा, याचा रकाना तिच्यात नसतो.