बावन्न दरवाजांतून स्पॅनिश

नवशिक्यांना स्पॅनिश शिकवायची पुस्तकं माद्रिदमध्ये बसून लिहिलेली असावीत. पहिल्या काही धड्यांतच एक पाहुणा विचारतो, "दोंदे एस्ता एल मेत्रो?" म्हणजे, मेट्रो कुठं आहे? छत्रपती संभाजीनगरातल्या माझ्या वर्गानं प्रामाणिक उत्तर दिलं, "पुण्याला."

मग मी फळ्यावर शहराचे दरवाजे काढले. पैठण गेट, भडकल गेट, दिल्ली गेट, मकाई गेट. बावन्न दरवाजांच्या गावात 'पुएर्ता' हा शब्द काय पाठ करायचा! एकानं पाहुणा व्हायचं, दुसऱ्यानं रस्ता सांगायचा : 'आ ला देरेचा' उजवीकडं, 'तोदो रेक्तो' सरळ. पण आपल्याकडं उजवं-डावं सांगतंय कोण? "पुढं टपरीवर विचारा" एवढं स्पॅनिशमध्ये जुळवून एक पोरगं मोकळं झालं. पाहुणे झालेले निवृत्त पोस्टमास्तर पिनकोड मागत बसले.

जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात एक युक्ती मांडली : बोलायची सक्ती नको, हुकूम ऐका आणि अंगानं करून दाखवा. 'लेवांताते', ऊठ. 'सिएंताते', बस. पोस्टमास्तरांना अरे-तुरे कसं करणार? त्यांच्यापुरतं आदरार्थी 'लेवांतेसे' म्हटलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "ओ मॅडम, आम्ही काय घोडं मारलं?" शेवटी सगळ्यांनाच मानानं उठवलं.

स्पॅनिशमधलं 'जे' हे अक्षर घशातून 'ख'सारखं खरखरत निघतं. आमच्यात एक खुलदाबादचा होता. त्यानं नुसतं गावाचं नाव घेतलं, वर्गानं त्याच्यामागून घोकलं आणि विषय संपला.

खरी रंगत लेण्यांची. बरेचजण गाइड व्हायला आलेले, त्यामुळं अंकही वेरूळचेच : बौद्ध लेणी 'दोसे', हिंदू 'दिएसिसिएते', जैन 'सिंको'. १२, १७ आणि ५, एकूण ३४. बेरीज चुकली तर एक लेणं कुणाचं गायब केलं यावरून भांडण, आणि भांडण स्पॅनिशमध्येच करायचं असा नियम. मला तर वाटतं, नवशिक्याची जीभ व्याकरणानं सुटत नाही, हुज्जतीनं सुटते. मग नाटुकलं. गाइड रंगात येऊन सांगतोय, कैलास एकाच कातळात 'दे आरिबा आबाखो', वरून खाली कोरत आणलंय. पर्यटक झालेल्या पोस्टमास्तरांना प्रश्न एकच पाठ, तो त्यांनी टाकला : "क्वांतो क्वेस्ता?" केवढ्याला?

गाइडनं भाव सांगितला. त्यांनी निम्म्यानं मागितलं. वर्ग अर्धा तास लांबला.

वार मात्र मी घासाघीस न करता पाठ करून घेते. 'लुनेस' सोमवार, अजिंठा बंद. 'मार्तेस' मंगळवार, वेरूळ बंद. तुमच्याकडं पाहुणे येणार असतील तर सोमवारी वेरूळ दाखवा, मंगळवारी अजिंठा. उलटं केलंत तर दोन्ही दिवस बंद फाटकापुढं फोटो काढावे लागतील.