वळत्या रकमेचा दानधर्म

महापालिकेने जास्तीचा घेतलेला मिळकतकर नागरिकाकडे दोन वाटांनी परत येऊ शकतो : रोख, किंवा पुढच्या बिलातून वळता होऊन. पहिली वाट आशावादी माणसांच्या बोलण्यात आढळते, दुसरी पुण्यात. हा पैसा सत्कार्याला देऊन टाकावा, असा विचार मनात येणाऱ्या पुणेकरांची संख्या बरीच असावी. तो विचार किती दिवस टिकतो, हे पाहण्यासाठी आधी पैसा कुठून आला ते पाहावे लागते.

पुण्यात १९७० पासून, मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत होती. देखभाल-दुरुस्तीपोटीही १० ऐवजी १५ टक्के वजावट मिळे. इतकी वर्षे चाललेली गोष्ट पुण्यात हक्कात जमा होते. लेखापरीक्षकांना मात्र तिला कायद्याचा आधार सापडेना. त्यांचे आक्षेप मुंबईला मंत्रालयात गेले, २०१८ मध्ये राज्य सरकारने सवलत मोडीत काढली आणि २०१९ पासून नव्या मिळकतींना पूर्ण दराची बिले जाऊ लागली. एकाच जिन्यावरच्या दोन सारख्या सदनिकांना दोन निराळे कर आले. शेजाऱ्याचे बिल वाचण्याची गोडी शहराला तेव्हापासून लागली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती आधीपासूनच होती. पुढे मोर्चे निघाले, निवेदने झाली, पोटनिवडणूक आली, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ४० टक्के परत दिले. १५ चे १० मात्र १० च राहिले.

दरम्यान ज्यांनी पूर्ण कर इमानाने भरला होता, त्यांचे पैसे महापालिकेकडे जास्तीचे साठले. ते मिळवण्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज करायचा होता. आपण आपल्याच घरात राहतो, हे त्यातून सिद्ध करायचे. त्यासाठी सोसायटीचे ना हरकत पत्र लागे. सचिवाशी पार्किंगवरून वाद असलेल्या सभासदाला आपण घरात राहत असल्याची शंका स्वतःलाच येऊ लागे, ती या टप्प्यावर. शिवाय मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना, गॅसचे कार्ड, आणि २५ रुपये शुल्क. मुदत १५ नोव्हेंबर २०२३ होती. ती मुदतींच्या रिवाजाप्रमाणे वाढली. मग महापालिकेचे पेठ निरीक्षक येऊन घर पाहून जात. ते ज्या दिवशी येत त्या दिवशी घरचे लोक हमखास बाहेरगावी असत.

अर्ज मंजूर झाला तरी रक्कम हातात येत नाही. ती पुढच्या बिलांतून कमी होते. समजा, पूर्ण बिल २०,००० रुपयांचे आणि सवलतीचे १२,००० चे. चार वर्षांत ३२,००० जास्तीचे गेले. ते चार बिलांत विभागले, तर दर वर्षी १२,००० ऐवजी ४,००० भरायचे. यात महापालिका उदार वाटते. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लावणाऱ्या त्याच कार्यालयाला हा दर उलट्या दिशेनेही लावता येईल, असे सुचवणारा नागरिक अजून आढळलेला नाही. आढळला असल्यास तो अजून रांगेत असावा.

दानाची अडचण इथे सुरू होते. हातात आलेली नोट देता येते. न गेलेली नोट द्यायची म्हणजे खिशातली दुसरी काढावी लागते. मंजुरीचा संदेश येतो त्या संध्याकाळी ३२,००० च्या ३२,००० अनाथाश्रमाला जातात, निदान बोलण्यात. सकाळी चहाच्या वेळी त्यांचे १६,००० होतात, कारण निम्मे घराच्या रंगाला लागणार असतात. बिल प्रत्यक्ष हाती येते तेव्हा विषय यंदाच्या ८,००० चा उरतो आणि तेही पाच हजार बरे, ‘राउंड फिगर’ आहे, असे ठरते. महिनाअखेरीस घरात असे मत पडते की चार वर्षे जास्तीचा कर भरला, तीच समाजसेवा झाली. हा युक्तिवाद तर्काला धरून नाही, पण त्याला घरात सहसा विरोध होत नाही.

इंग्लंडमध्ये २०२२ साली महागाईवर उतारा म्हणून ए ते डी गटांतल्या घरांना कौन्सिल टॅक्सच्या नावाने १५० पौंड मिळाले. थेट बँकेतून कर भरणाऱ्यांच्या खात्यात ते जमाही झाले. गरज नसेल तर फूड बँकेला द्या, असे आवाहन करणे तिथे शक्य झाले, कारण द्यायला काहीतरी होते. वळत्या रकमेबद्दल असे आवाहन करायला फार मोठा वक्ता लागेल.

तरीही काही माणसे देतात, आणि त्यांच्या पैशाचा प्रवास पाहण्यासारखा असतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १३२ नुसार, केवळ सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींना सूट आहे, पण ती सर्वसाधारण करापुरती. सफाईपट्टी, पाणी, मलप्रवाह यांचे आकडे संस्थेच्या बिलावरही असतात. तेव्हा महापालिकेने दात्याला सोडलेल्या पैशातला काही भाग संस्थेमार्फत पुन्हा महापालिकेच्याच खिडकीवर येतो. या व्यवहारात पुण्य नेमके कोणाच्या खात्यावर पडते, यावर लेखापरीक्षकांनी अजून आक्षेप घेतलेला नाही.

ज्यांना खरोखर द्यायचे आहे त्यांनी बिल भरले त्याच दिवशी, चहाच्या आधी, वाचलेल्या रकमेचा धनादेश संस्थेच्या नावाने लिहावा. आयकरातली देणगीची वजावट बहुतेक संस्थांच्या बाबतीत निम्म्या रकमेवर असते आणि ती जुन्या करप्रणालीतच मिळते. दोन हजारांवरची देणगी रोख दिली, तर तीही मिळत नाही.