ताबा घेण्यापूर्वी : एका मंगळवासीयास अनावृत पत्र

प्रति,
माननीय मंगळवासी,
भर बाजारपेठेत, वोकिंग, सरे परगणा, इंग्लंड.

विषय : शहराचा ताबा घेण्याच्या निर्णयाचा फेरविचार करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, एच. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या कादंबरीत आपण वोकिंगजवळच्या माळावर उतरलात, तेव्हाची परिस्थिती आता राहिलेली नाही. शंभर वर्षांनी, १९९८ मध्ये, गावकऱ्यांनी आपला सात मीटर उंचीचा, तीन पायांचा चकचकीत पोलादी पुतळा बाजारात उभा केला. एवढ्या उंचीवरून आपल्याला सगळी पेठ दिसत असणार. मात्र कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, ताळेबंद पुतळ्यांना पाठवण्याची प्रथा नसल्याने काही बाबी निदर्शनास आणून देणे भाग आहे.

पहिली बाब अशी की, गाव उद्ध्वस्त करण्याचे काम आपल्या आधीच दुसऱ्या कोणी तरी हाती घेतले. जून २०२३ मध्ये वोकिंग कौन्सिलने कलम ११४ची नोटीस काढली. इंग्लंडमध्ये कौन्सिलचे रीतसर दिवाळे निघत नाही. तशी कायद्यात सोयच नाही. मुख्य वित्त अधिकारी फक्त लेखी कळवतो की, खर्चाइतके पैसे तिजोरीत नाहीत. त्यानंतर कायद्याने बंधनकारक असलेल्या सेवा सोडून नवा खर्च बंद. वोकिंगची हक्काची मिळकत होती वर्षाला १.६ कोटी पौंड आणि तूट निघाली १२० कोटींची. म्हणजे बागा, कचरा सगळे थांबवून पै न् पै तुटीकडे वळवली, तरी पंचाहत्तर वर्षे लागावीत. त्या वेळी डोक्यावर कर्ज होते १८० कोटी पौंड. लाखभर वस्तीच्या गावात हे माणशी सतरा हजारांच्या पुढे जाते. ताबा घेणाऱ्याला कर्जही ताब्यात घ्यावे लागते, हे आपल्या युद्धनीतीत बहुधा नमूद नसावे.

एवढा पैसा गेला कुठे, हे पाहायला आपल्याला मान वर करावी लागेल, आणि सात मीटर उंचीच्या माणसावर अशी वेळ क्वचितच येते. गावात नवे मनोरे आहेत, हिल्टन हॉटेल आहे, दुकानांचा नवा चौक आहे. व्हिक्टोरिया स्क्वेअर हे त्याचे नाव. बाजारपेठ सावरावी म्हणून कौन्सिलने सरकारी कर्ज काढले, ते स्वतःच्याच भागीदारीतल्या कंपनीला दिले आणि कंपनीने इमारती उठवल्या. ऋण काढून सण करणारे पुष्कळ असतात. इथे सणच कर्ज फेडेल, असा हिशेब मांडला गेला. म्हाताऱ्यांची देखभाल आणि अडचणीतल्या मुलांचा सांभाळ यांच्या खर्चाने अनेक मोठ्या कौन्सिलांचे कंबरडे मोडले आहे. वोकिंगला तीही सबब नव्हती. ती जबाबदारी सरे काउंटीची.

आता कोणी म्हणेल, लंडनचे सरकार काय करत होते? महोदय, सरकार अत्यंत तत्पर होते. २०१० ते २०१८ या काळात महागाई जमेस धरता त्याने कौन्सिलांचे अनुदान जवळजवळ निम्म्याने कापले आणि सांगितले, उद्योजक व्हा. घरपट्टी मर्यादेबाहेर वाढवायची तर आधी सार्वमत घ्या. आणि ही घरपट्टी तरी कशावर? १ एप्रिल १९९१ रोजी त्या घराची जी किंमत झाली असती, तिच्यावर. मग पैसे उभे करायचे कुठून? तर सरकारी कर्जमंडळाकडे स्वस्त कर्ज होते. कौन्सिलांच्या हिशेबांवर नजर ठेवणारा ऑडिट कमिशन नावाचा राखणदारही होता. तो २०१५ मध्ये मोडीत काढला. पुढच्या तीन-चार वर्षांत इंग्लंडमधल्या कौन्सिलांनी ६६० कोटी पौंडांची व्यापारी मालमत्ता विकत घेतली.

त्यातल्या कल्पकतेला दाद द्यावी तेवढी थोडी. नॉटिंगहॅम कौन्सिलने वीज विकायला कंपनी काढली आणि तिला रॉबिन हूडचे नाव दिले. ती २०२० मध्ये बंद पडली, तेव्हा कोट्यवधी पौंड शहराच्या खिशातून गेलेले होते. रॉबिन हूडने आपल्याच गावाला लुटल्याचे हे पहिलेच उदाहरण असावे. नॉर्थअ‍ॅम्प्टनशरने ५.३ कोटी पौंडांचे नवे मुख्यालय बांधले. ऑक्टोबर २०१७ मध्ये उद्घाटन, फेब्रुवारी २०१८ मध्ये कलम ११४. पुढे ती इमारत विकून तिथेच भाड्याने बसावे लागले आणि २०२१ मध्ये कौन्सिलच बरखास्त झाले. श्रॉपशरने २०१८ मध्ये श्रूझबरीतली तीन शॉपिंग सेंटरे ५.१ कोटींना घेतली. तोवर दुकानांच्या मोठ्या साखळ्यांपैकी वुलवर्थ्स जाऊन नऊ वर्षे आणि बीएचएस जाऊन दीडेक वर्ष झाले होते. डेबनहॅम्स आणि विल्को अजून जायचे होते. ज्या धंद्यातून मुरलेले व्यापारी काढता पाय घेत होते, त्यात कौन्सिलने पाय रोवला.

अशा वेळी सरकार मदतीला येत नाही, असे मात्र नाही. २०२५-२६ साठी तीस कौन्सिलांना त्याने ‘अपवादात्मक साहाय्य’ मंजूर केले. यात मुख्यतः पैसे नसतात, परवानगी असते : घर विकून किराणा भरावा तशी, मालमत्ता विकून किंवा आणखी कर्ज काढून रोजचा खर्च भागवण्याची. वोकिंगला २०२४ मध्ये सार्वमताशिवाय घरपट्टी दहा टक्के वाढवण्याचीही मुभा मिळाली. कर्ज कौन्सिलने काढले, नोटीस अधिकाऱ्याने काढली आणि पावती नागरिकाने फाडली. तिघांचाही सहभाग झाला.

आपण तरीही एखादे गाव घेणारच असाल, तर ऑल्ट्रिंगहॅम बघून यावे. मँचेस्टरच्या दक्षिणेला आहे. २०१० च्या सुमारास तिथल्या पेठेतले सुमारे तीस टक्के गाळे रिकामे होते. मनोरा कोणी बांधला नाही. २०१४ मध्ये व्हिक्टोरियन काळातली जुनी मंडई झाडूनपुसून पुन्हा उघडली : मध्ये लांबच लांब लाकडी टेबले, कडेने छोट्या खाद्यविक्रेत्यांचे ठेले. पिझ्झा एकाकडून घ्यावा, कॉफी दुसऱ्याकडून, आणि अनोळखी माणसाच्या शेजारी बसून खावे. लोक जेवायला आले, मग आसपास फिरू लागले. २०१८ मध्ये तिथली पेठ इंग्लंडची सर्वोत्तम हाय स्ट्रीट ठरली.

स्टॉकटन-ऑन-टीजने श्रॉपशरच्या उलटे केले. तिथल्या कौन्सिलनेही २०१९ मध्ये शॉपिंग सेंटर विकत घेतले, पण पाडायला. पेठ आणि टीज नदी यांच्यामध्ये आडवी बसलेली ती इमारत हटवून तिथे बाग करायचे ठरवले. उरलेली दुकाने जवळच्या दुसऱ्या सेंटरमध्ये हलवली. गिऱ्हाईक कमी आहे तर गाळेही कमी हवेत, हे गणित चौथीतले मूलही सोडवेल. प्रेस्टनचा सत्तर कोटींचा मॉल २०११ मध्ये बारगळला. मग तिथल्या कौन्सिलने कॉलेज, पोलीस अशा मोठ्या संस्थांना एकत्र बसवून विचारले, तुमची खरेदी गावातून का होत नाही? चार वर्षांत गावात होणारी त्यांची खरेदी ३.८ कोटींवरून ११.२ कोटी पौंडांवर गेली. यांपैकी एकाही गावात आपल्याला मान वर करून बघावे असे काही नवे उभे राहिले नाही, याबद्दल दिलगिरी आहे.

वोकिंगमध्येही सावकाराच्या पैशाशिवाय उभी राहिलेली एक वास्तू आहे. १८८९ ची शाहजहान मशीद. भोपाळच्या बेगमेने तिच्यासाठी देणगी दिली होती. कादंबरीत आपण तिचाच कळस उडवलात. गावातली निवड करायची तर यापेक्षा चुकीची झाली नसती.

शेवटी कार्यालयीन बाब. २०२७ च्या एप्रिलपासून सरेची सर्व कौन्सिले मोडून दोन नवी होणार असल्याने वोकिंग कौन्सिल बरखास्त करण्याचे आपले श्रम वाचतील. सरकारने वोकिंगच्या कर्जापैकी ५० कोटी पौंड फेडण्याचेही कबूल केले आहे. उरलेले शेजारच्या गावांबरोबर वाटून घ्यावे लागेल. त्यातल्या स्पेलथॉर्नने स्वतःही ऑफिसांच्या इमारती घेण्यात शंभर कोटी घातलेले आहेत. पृथ्वीवर धंदाच करायचा असेल, तर डिसेंबर २०२४ पासून कौन्सिल दोन वर्षांत ३६५ दिवसांहून अधिक रिकामा राहिलेला गाळा लिलावाने एक ते पाच वर्षांच्या भाडेपट्ट्यावर देऊ शकते. मालकाची संमती लागत नाही. बोली आपणही लावू शकता. ग्रहाची अट आढळली नाही.

आपला,
एक करदाता

ता. क. : गाळा घेतल्यावर व्यापारी कर चुकवण्यासाठी आत गोगलगाई पाळू नयेत. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये रिकाम्या ऑफिसांत खोक्यांत गोगलगाई ठेवून ‘शेती’ दाखवण्याचा प्रयोग झालेला आहे. शेतीला हा कर माफ असतो. कौन्सिल आता त्यांच्या मागे लागले आहे.