काल्हेर ते वसई, मार्गे पीं-पीं

आउटबोर्ड इंजिन होडीच्या पोटात बसत नाही. मागच्या फळीला बाहेरून लटकतं, लोकलच्या दारातल्या माणसासारखं. वर डोकं, खाली लांब पाय, पाण्यात पंखा. हे यंत्र १९०९ च्या सुमारास अमेरिकेत ओल एव्हिनरूडने बाजारात आणलं. मैत्रिणीसाठी होडीतून आइस्क्रीम नेताना वल्ही मारता मारता ते वितळलं, तेव्हा त्याला इंजिन सुचलं, असं सांगतात. भिवंडीजवळच्या काल्हेरहून खाडीतून वसईकडे निघणाऱ्याने मात्र इंजिनाच्या भरवशावर आइस्क्रीम नेऊ नये. चिक्की न्यावी.

मार्ग जुना आणि मानाचा आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीकाठी गलबतं बांधायला सुरुवात झाली. त्या गलबतांना शिडं होती. वारा पडला की सगळ्यांना एकदमच कळायचं. २०१६ च्या कायद्याने ही खाडी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ मध्ये आली. महामार्गावर बंद पडलेल्या गाडीभोवती पाच मिनिटांत पंक्चरवाला, चहावाला आणि बघे जमतात. जलमार्गावर डावीकडे तिवरं, उजवीकडे तिवरं आणि चिखलात डोळे वटारून बसलेले निवटे. बघे तेवढे आहेत, म्हणायचं.

होडीत साधारण चौघे असतात: तांडेल, पोऱ्या, प्रवासी आणि सल्लागार. सल्लागार फुकट आलेला असतो आणि इंजिनाकडे तोंड करून बसतो. भिवंडीच्या सल्लागाराची योग्यता मात्र नाकारता येत नाही. त्याचं आयुष्य पॉवरलूमच्या खडखडाटात गेलेलं असतं. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, हे तो लहानपणापासून बघतो. मागाने असहकार पुकारलेला नसतो. कापड नासू नये म्हणून तो थांबतो. आउटबोर्डचा अलार्म आणि त्यापाठोपाठ गळालेली ताकद हा प्रकार नेमका हाच आहे. पूर्ण वेगात मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेणारं इंजिन तापलं किंवा त्याच्या तेलाचा दाब पडला, की आतला संगणक भोंगा वाजवतो आणि फेरे दोन-तीन हजारांवर आणून ठेवतो. होडी चालते, पण वरातीतल्या घोड्याच्या चालीने. अशा वेळी बहुतेक जण थ्रॉटल आणखी पिळतात. त्याने वेग वाढत नाही, भोंगा थांबत नाही, फक्त मनगट दुखतं.

भोंग्याची भाषा कंपनीगणिक बदलते. बऱ्याच इंजिनांत सलग पीं म्हणजे तापलं किंवा तेल गेलं, आणि थांबून थांबून पीं म्हणजे त्याहून सौम्य तक्रार. चावी फिरवल्यावर एकदाच वाजलं तर ती नुसती हजेरी. नेमका अर्थ मालकाच्या पुस्तिकेत असतो आणि पुस्तिका मालकाच्या घरी, कपाटावर, प्लास्टिकच्या पिशवीत अगदी कोरडी असते. दोरी ओढून चालू होणाऱ्या लहान इंजिनांना बहुधा भोंगाच नसतो. तिथे नाकाला रंग जळाल्याचा वास येतो, तोच अलार्म.

कोलशेत समोर दिसायला लागलं की पहिला पीं येतो, असं धरून चालावं. गिअर न्यूट्रलला, वेग कमीत कमी, आणि मान वळवून इंजिनाच्या मागची पिचकारी बघायची. पंप खाडीचं पाणी आत ओढतो, इंजिन गार करतो आणि त्यातली एक बारीक धार बाहेर फेकतो. धार जोरात तर पाणी फिरतंय. धार नाही तर इंजिन लगेच बंद. मग पाय वर उचलून पाणी घ्यायची जाळी बघायची. या खाडीत तिथे नव्वद टक्के वेळा पिशवी सापडते. आकडा अभ्यासातला नाही, तांडेलाच्या कपाळावरच्या आठ्यांमधला आहे. पिशवी काळी असते, तिच्यात कोणाचं तरी निर्माल्य असतं आणि ती जाळीला अशी चिकटलेली असते की जणू मापाने शिवून घेतली आहे.

पिशवी नसेल तर पिचकारीचं भोक तपासायचं. किनाऱ्यावर महिनाभर उभ्या असलेल्या इंजिनाच्या भोकात कुंभारमाशी मातीचं घर बांधून जाते. पंप धडधाकट, पाणीही फिरतंय, पण धार दिसत नाही म्हणून हजारोंचा खर्च निघतो. यावर खराट्याची एक हीर पुरते. हीर घालूनही धार आली नाही, तर पंपातली रबरी चकती गेली असं समजावं. तिच्या पाकळ्या गढूळ, रेताड पाण्याने झिजतात आणि कोरड्यात इंजिन चालवलं तर बघता बघता जळतात. ते काम होडीत होत नाही.

तेलाचा दिवा लागला तर चर्चा करायची नाही, इंजिन बंदच करायचं. जुन्या टू-स्ट्रोकला दिवा नसतो. तिथे पेट्रोलमध्ये तेल घालायचं, बहुधा लिटरला २० मिली. कोणी घातलं, या प्रश्नाला पोऱ्या तांडेलाकडे बघतो आणि तांडेल खाडीकडे.

गायमुख आणि पायेगावच्या मधे दुसऱ्या जातीचा बिघाड भेटतो. भोंगा नाही, पण इंजिन उचक्या देत मरतं. थांबल्यावर पुन्हा सुरू होतं, दहा मिनिटं चालतं, पुन्हा मरतं. सल्लागार प्लग, कार्बुरेटर आणि जपानी लोकांचा ढासळता दर्जा यांवर बोलत असताना पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून बघावा. तो चपटा झालेला असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा छोटा स्क्रू बंद आहे. पेट्रोल जातं, बदल्यात हवा येत नाही, टाकी आतून आवळते. स्क्रू दोन फेरे सैल केला की टाकी सुस्कारा टाकते. हा आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. मग फुगा बाण वर करून, कडक होईपर्यंत दाबायचा. तरीही उचक्या असतील तर पेट्रोलमध्ये पाणी. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल खाडीवरची दमट हवा पितं. पाणी वाढलं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि नळीचं तोंडही तिथेच असतं. बहुतेक आउटबोर्ड १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठी बनवलेली आहेत.

इंजिन एकदम, एकाही उचकीशिवाय बंद पडलं, तर निघाली की इंजिन बंद करणारी लाल दोरी बघावी. ती तांडेलाच्या मनगटाला असायला हवी. बहुधा कुठेतरी लोंबत असते आणि सल्लागाराच्या पिशवीच्या बंदात अडकून निघालेली असते.

शेवटची जात आवाजावरून ओळखायची. इंजिन किंचाळतंय आणि होडी जागची हलत नाही, तर पंख्याच्या मधलं रबर सुटलंय. इंजिन दबून कण्हतंय, तर पंख्याला काहीतरी गुंडाळलंय. जाळ्याचा तुकडा असेल, नाही तर धागा. धाग्याला तर भिवंडीत तोटा नाही. तो कापून काढावाच लागतो, नाही तर दांड्यावर घट्ट बसून ऑइल सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. तेल दुधाळ निघालं, अगदी टपरीवरच्या चहाच्या रंगाचं, की सील गेली.

एवढं सगळं करूनही इंजिन गप्पच राहिलं, तर वल्हं. ते नसेल तर ओहोटी साधारण सहा तास होडीला वसईकडे नेते, आणि पुढचे सहा तास भरती काल्हेरकडे परत आणते. सल्लागारासकट.