जुगारघरातला टाको

लास वेगासला जुगारात एक पैसाही घालवायचा नाही, असं घरून निघतानाच ठरलं होतं. मग पैसे घालवायला उरलं काय, तर जेवण. साडूंना मेक्सिकन आवडतं आणि मेव्हणीला 'जरा बरी जागा' लागते. दोन्ही जमवायचं म्हणजे कसिनो-रिसॉर्टमधलं महागडं मेक्सिकन रेस्टॉरंट.

एके काळी या गावात जेवण म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं. १९४०च्या दशकात 'एल रांचो वेगास'ने बुफे मांडला. 'गोल्डन गेट'मध्ये १९५९पासून कोळंबीचं कॉकटेल पन्नास सेंटला मिळू लागलं. गिऱ्हाईक भुकेपायी बाहेर पडू नये, एवढाच मालकाचा हिशेब. पुढे १९९२मध्ये शेफ वुल्फगँग पकने 'सीझर्स' कसिनोच्या आवारात 'स्पागो' रेस्टॉरंट काढलं, पाठोपाठ नामांकित शेफ येत गेले, आणि माणूस जुगारात लुटला जातो तितक्याच खुशीने जेवणातही लुटला जातो, हे मालकांना कळलं. मेक्सिकन रेस्टॉरंटंही त्यात आली. मँडले बे रिसॉर्टमध्ये १९९९ला 'बॉर्डर ग्रिल', तर कॉस्मोपॉलिटन रिसॉर्टमध्ये २०१०ला शेफ होसे आंद्रेसचं 'चायना पोब्लानो', जिथे टाको आणि नूडल्स एकाच टेबलावर येतात. आम्ही गेलो ते तिसरंच. नाव सांगत नाही, कारण बिलाची जखम अजून ओली आहे.

नेमकी त्या दिवशी सौ.ची संकष्टी होती. कसिनोत ना घड्याळ, ना खिडकी. व्हेनेशियन नावाच्या रिसॉर्टमध्ये छतावर आकाश रंगवलंय म्हणे, पण त्यात नुसते ढग, चंद्र नाही. चंद्रोदयाची वेळ झाल्यावर दोघी बहिणी स्लॉट मशीनच्या रांगांतून बाहेरची वाट शोधत निघाल्या. इथे आत शिरायला दहा दारं असतात, बाहेर पडायला मात्र प्रत्येक बोळ पुन्हा मशीनपाशीच नेऊन सोडतो. त्या परत येईपर्यंत साडू आणि मी चिप्स-साल्सा खात बसलो. गल्लीतल्या साध्या मेक्सिकन हॉटेलात चिप्स फुकट येतात आणि वाटी रिकामी झाली की मुकाट्याने भरली जाते. इथेही मुकाट्याने भरली जात होती. फक्त प्रत्येक वाटी बिलात जात होती.

मग ग्वाकामोले. "टेबलाशी येऊन करतात हं!" मेव्हणी आधीच कौतुकाने म्हणाली. वेटर तीन पायांचा, काळ्या दगडाचा खल, म्हणजे मोल्काहेते, घेऊन आला. आवोकाडो अर्धा कापला, बीवर सुरीचं पातं मारलं, मनगटाला हलका पीळ दिला आणि बी अलगद निघाली. कांदा, कोथिंबीर, लिंबू, मीठ. मिरचीपाशी मात्र तो थबकला आणि "तिखट चालेल ना?" असं विचारून चार तुकडे टाकले. सौ.ने उरलेली अख्खी मिरची बोटाने दाखवली. तो बिचारा मॅनेजरकडे बघायला लागला.

या कार्यक्रमाचे बावीस डॉलर. मी मनात नव्वदने गुणलं: दोन हजाराला वीस कमी.

"गुणू नका हो," साडू म्हणाले, "घास उतरत नाही."

बीन्समध्ये डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचा रस असतो, हे विचारल्यावर कळलं. विचारलं नसतं तर सौ.ची संकष्टी भलतीच सुटली असती. तिने मश्रूमचे टाको घेतले. टॉर्टिया मात्र अस्सल होत्या. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, सालं काढून वाटलेल्या पिठाच्या. चुन्याने मक्यातलं नायसिन अंगी लागतं, अशी माहिती मी पुरवली.

"बिलात लावलाय तो वेगळा," साडू म्हणाले.

पण मोले पोब्लानो आलं आणि आमची तोंडं बंद झाली. आंचो, मुलातो, पासिया अशा सुक्या मिरच्या, तीळ, बदाम, मनुका, दालचिनी, लवंग आणि वरून थोडं चॉकलेट. सगळं वेगवेगळं भाजायचं, वाटायचं आणि तासन्तास आटवायचं. आपल्याकडच्या काळ्या मसाल्याच्या वाटणाला कोणी मनुकांचं गोडसर वळण दिलं तर जे होईल, ते. जिभेवर आधी मिरचीचा धूर, मग गोडवा, आणि चॉकलेट सगळ्यात शेवटी, ओळख न दाखवता. याचे पैसे मोजताना मला काही वाटलं नाही. बाकीच्याचे मोजताना वाटलं. वर आठ टक्क्यांहून जास्त कर आणि वीस टक्के टिप.

दुसऱ्या दिवशी कसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्याच, म्हणजे स्ट्रिपवरच्या, 'टाकोज एल गोर्डो'ला गेलो. मूळ तिहुआनाचं. प्रत्येक मांसाची रांग वेगळी, बसायला जागा मिळेल तर मिळेल. सळीवर फिरणारं मसाल्याचं डुकराचं मांस पोऱ्या सटासट तासतो आणि थेट टॉर्टियात झेलतो. लेबनॉनहून मेक्सिकोत आलेल्या लोकांच्या शवर्माची ही नातवंडं. आदल्या रात्री आमच्या ताटात तीन नाजूक टाको होते, त्या पैशांत इथे साडूंचं पोट भरलं. साडूंचं पोट भरणं ही साधी गोष्ट नाही.

तेव्हा तुम्ही गेलात तर टाको आणि ग्वाकामोले रस्त्यावर खा. रिसॉर्टमध्ये जायचंच असेल तर आधी मेनू बघा, मोले असेल तरच टेबल राखून ठेवा, आणि बसल्याबसल्या पहिला प्रश्न चिप्सचा विचारा.