राजकोटच्या पोराचा गोल

वहिनी, कढीपत्ता हवा तेवढा तोडा, फांदी तुमच्याच अंगणात आलीय. घाईत आहात का? नाही ना? मग ऐका. देशादेशांतल्या अधिकृत फुटबॉलमधला पहिला गोल कुणी मारला, सांगा बरं. इंग्रजानं, बरोबर. पण जन्मला कुठे? राजकोटला! हो हो, गुजरातमधलं राजकोट, गांधीजी शाळेत गेले तेच. नातू सकाळ-संध्याकाळ मेस्सी-रोनाल्डो करत असतो, त्याला हे विचारलं तर नुसता बघत राहिला.

विल्यम केनयन-स्लेनी त्याचं नाव, जन्म 1847 चा. वडील मुंबई लष्कराच्या घोडदळात कॅप्टन. आणि आडनावाचीसुद्धा एक भानगड आहे बरं का. मूळचे हे नुसते केनयन. 1862 साली वडिलांचे सासरे वारले, ते स्लेनी. तर जावयानं सासऱ्याचं आडनाव आपल्याला जोडून घेतलं! आपल्याकडे तांदळाच्या ताटात नवं नाव लिहायचं ते बायकोचंच. एखाद्या जावयानं असं केलं असतं तर आपल्या गोलबाजारच्या दत्तमंदिरात वर्षभर दुसरा विषय निघाला नसता.

पोरगा शिकला ईटनला, मग ऑक्सफर्डला, आणि शिरला ग्रेनेडियर गार्ड्समध्ये. अहो नाही, आपल्या जबलपूरच्या ग्रेनेडियर्सशी काही संबंध नाही! आमच्या ह्यांनीसुद्धा चहाचा कप खाली ठेवून हेच विचारलं. ते लंडनचे, राजवाड्यावर पहारा देणारे. आपल्या इथल्यांचं मूळ जुन्या मुंबई लष्करात. म्हणजे नातं लावायचंच झालं तर बापाकडून लावा, पोराकडून नाही.

तर सामना 8 मार्च 1873 चा, लंडनच्या ओव्हलवर, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. आदल्या नोव्हेंबरात ग्लासगोला दोघं पहिल्यांदा भिडले होते, तिथे कुणाचाच गोल नाही. इथे मात्र खेळ सुरू होऊन लोक नीट उभे राहतात न राहतात तोच या आपल्या राजकोटकरानं चेंडू आत घातला. आत म्हणजे कुठे, तर जाळी नाहीच! दोन खांब, वर आडवी फीत, तिच्याखालून गेला की गोल. आणि गोल झाला की दोन्ही संघांनी बाजू बदलायच्या. त्या दिवशी सहा गोल झाले, म्हणजे काय पळापळ झाली असेल! पास देणं वगैरे इंग्रजांना फारसं ठाऊक नव्हतं, चेंडू पायात घेतला की निघाला एकटाच. पैसेही नाहीत. खेळायचे पैसे उघडपणे घ्यायला परवानगी मिळाली 1885 साली. तोवर ही मोठ्या घरच्यांची हौस.

स्कॉटलंडनं बरोबरी केली होती हो, 2-2. मग याच पठ्ठ्यानं दुसरा गोल मारला आणि सामना इंग्लंडनं 4-2 नं खिशात घातला. पण पुढचं ऐकाल तर हसाल. स्कॉटलंडचा पहिला गोल मारला हेन्री रेनी-टेल्यूरनं, आणि तो जन्मला मसुरीला! दोन्ही बाजूंचं खातं उघडलं कुणी, तर हिंदुस्थानात जन्मलेल्यांनी. हा रेनी-टेल्यूर स्कॉटलंडकडून रग्बीही खेळला, आणि म्हातारपणाकडे डब्लिनच्या गिनेस कंपनीत, त्या दारूवाल्या हो, मोठा साहेब झाला.

त्याच सामन्यात इंग्लंडकडून आल्फ्रेड गुडविन नावाचा आणखी एक फौजी खेळला होता. तो वर्षभरात आपल्या रुडकीला घोड्यावरून पडून गेला, मार्च 1874 मध्ये. इंग्लंडसाठी खेळलेल्यांपैकी गेलेला तो पहिलाच. बघा ना, मुंबईला उतरलेल्या साहेबाला उत्तरेकडे जायचं तर आपल्या जबलपूरचाच रस्ता. 1870 च्या मार्चमध्ये मुंबईकडची लाइन इथे येऊन अलाहाबादकडच्या लाइनला जुळली, तेव्हा कुठे मुंबई ते कलकत्ता सलग गाडी झाली. स्टेशनवर बसून भाचीची गाडी लेट आहे म्हणून आपण कुरकुरतो, त्याच रुळांवरून अशी साहेब मंडळी ये-जा करत होती.

केनयन-स्लेनीचं? छान झालं. त्याच महिन्यात वाँडरर्सकडून एफए कप जिंकला. 1882 मध्ये इजिप्तच्या लढाईत गेला. मग हुजूर पक्षाकडून खासदार, 1886 पासून 1908 ला मरेपर्यंत. 1902 च्या शिक्षण कायद्यात त्याच्या नावाचं एक कलम आहे. चर्चच्या शाळांत धर्माचा तास कुणाच्या हाती, तर एकट्या पाद्रीबाबांच्या नाही, शाळेच्या व्यवस्थापकांच्या. पाद्री मंडळी भडकली, आणि भडकणारच. माझ्या मते गोलापेक्षा हे जास्त धाडसाचं होतं.

पण मला खरी गंमत वाटते ती वेगळीच. पहिला गोल त्याचा, जिंकवणाराही त्याचाच, आणि इंग्लंडकडून खेळला तो तेवढा एकच सामना. पुन्हा कधी नाही. निवड करणारे लोक 1873 पासून असेच आहेत, वहिनी.