नकाशावर रस्ता टाकण्याची शास्त्रोक्त पद्धत

महाराष्ट्रात रस्ता जन्माला येण्याच्या दोन पद्धती आजवर रूढ होत्या. पहिली खात्याची. तीत रस्ता आधी अंदाजपत्रकात दिसतो, मग भूमिपूजनाच्या फलकावर, मग बिलात, आणि काही उरलंच तर जमिनीवर. दुसरी म्हशींची. म्हशी रोज एकाच वाटेने पाण्यावर जातात, त्यांच्यामागून गुराखी, गुराख्यामागून सायकल, सायकलीमागून वडाप, आणि एक दिवस ग्रामपंचायत त्या वाटेवर मुरूम टाकून मोकळी होते. आता तिसरी पद्धत आली आहे. घरी बसून, चहाचा कप बाजूला ठेवून, ओपनस्ट्रीटमॅपवर माऊसने रेघ ओढायची. टेंडर नाही, टक्केवारी नाही, नारळसुद्धा लागत नाही.

हा नकाशा स्टीव्ह कोस्ट याने 2004 मध्ये इंग्लंडात सुरू केला. सरकारी नकाशा वापरायचा तर पैसे मोजा, ही त्याची तक्रार. मग आपणच काढू, हा त्यावरचा तोडगा. खातं उघडलं की जगातला कोणीही माणूस कुठलाही रस्ता काढू शकतो, वळवू शकतो, पुसू शकतो. एवढी सत्ता आपल्याकडे फक्त नगरविकास खात्याला असते. ती अंगावर पडलेल्या होतकरूंसाठी हे मार्गदर्शन.

साहित्य: एक फोन, एक संगणक आणि दुपारची झोप सोडण्याची तयारी. याहून जास्त मागू नये. विल्यम लॅम्टनने 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तेव्हा त्याच्याजवळचा थिओडोलाइट जवळपास अर्ध्या टनाचा होता. 1808 मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटून तो आदळला, तेव्हा लॅम्टनने तो ठोकूनठाकून पुन्हा कामाला लावला. 1823 मध्ये मोजणीच्या वाटेवरच हिंगणघाटला तो वारला. कबरही तिथेच आहे. तुमच्या खिशात पाव किलोपेक्षा हलका फोन आहे आणि तुमची तक्रार रेंजची. शिवाय मे 2000 पर्यंत अमेरिका नागरी वापराचं जीपीएस मुद्दाम चुकवत असे, शंभरेक मीटरपर्यंत. तेवढ्यात आपली विहीर चुलत्याच्या गटात जाते आणि दोन पिढ्यांची सोय होते. आता चूक काही मीटरांची उरली आहे, तेव्हा भांडणही बांधापुरतंच.

पहिलं पथ्य: दुसऱ्या कंपनीचा नकाशा शेजारच्या खिडकीत उघडून त्यावरून उतरवू नये. नकाशे काढणारे काही लोक मुद्दाम एखादी नसलेली गल्ली घालून ठेवत. चोरणारा त्या गल्लीसकट सापडे. वर्गात शेजाऱ्याचा पेपर बघून लिहिणाऱ्याने शेजाऱ्याचं नावही उतरवावं, तसलीच ही फजिती.

दुसरं पथ्य: शक्यतो जागेवर जाऊन या. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने नकाशांसाठीचे नियम सैल केले, त्यामुळे पाणंदीत फोन धरून उभं राहायला सरकारची हरकत नाही. हरकत गावाची असते. तुम्ही जरा थांबून स्क्रीनकडे पाहिलंत की बांधावरून आवाज येतो, “काय, मोजणीवाले का?” नाही म्हणालात तर पुढचा प्रश्न, “मग कुठल्या गटातून जातोय?” महामार्गांची आखणी बघून बघून लोक शहाणे झाले आहेत, फोन घेऊन फिरणारा माणूस म्हणजे जमीन जाणार, हा हिशेब पक्का. “काका, नवीन नाही, असलेलाच रस्ता नकाशावर दाखवतोय” असं सांगावं. यावर ते, “असलेला रस्ता दाखवायला काय लागतंय? हा काय इथं!” असं म्हणतील. वाद घालू नये. चहा घ्यावा आणि रस्त्याचं नाव विचारून घ्यावं. ते कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही.

आता घरी या. आयडी नावाचा संपादक ब्राउझरमध्येच उघडतो. मुरलेले लोक जोसम वापरतात आणि तसं दर पाचव्या वाक्यात सांगतात. खाली आकाशातून घेतलेलं चित्र दिसेल. त्यात पांढुरकी रेघ दिसली की हात शिवशिवतात. थांबा. ती पाणंद असेल, कालव्याचा काठ असेल, कोरडा पडलेला ओढा असेल, नाही तर पाइपलाइन टाकून बुजवलेला चर. कधी कधी, विशेषतः डोंगराळ भागात, सबंध चित्रच काही मीटर सरकलेलं असतं. मग आधी काढलेले रस्ते चुकीचे वाटू लागतात आणि नवखा उत्साही अख्खं गाव उचलून पूर्वेला नेऊन ठेवतो. असं करू नये. चित्र सरकवायची सोय संपादकात आहे. गाव सरकवणं हे पाटबंधारे खात्याचं काम.

रेघ ओढणं सोपं. वळणावळणावर क्लिक करत जायचं, शेवटी दोनदा क्लिक. एका रेघेला 2000 ठिपक्यांची मुभा आहे, तेव्हा घाटात कंजूषपणा नको. वरंध घाट चार ठिपक्यांत उतरवलात तर नकाशावरची गाडी सरळ दरीतून महाडला पोचेल.

खरा कस लागतो तो रस्ता रस्त्याला जोडताना. गावचा रस्ता जिल्हा मार्गाला मिळतो तिथे दोघांचा एक ठिपका सामाईक हवा. वरवर पाहता रेघा चिकटलेल्या दिसतात, मोठं करून बघावं तर मध्ये हातभर फट. माणूस असल्या फटीवरून बिनदिक्कत गाडी घालतो. मार्ग शोधणारं यंत्र घालत नाही. त्याच्या लेखी तुमचं गाव जगापासून तुटलेलं. मग लग्नाला निघालेले पाहुणे शेजारच्या तालुक्यातून फिरून अक्षता संपल्यावर पोचतात आणि दोष ड्रायव्हरला जातो. याच्या उलट घोटाळा उड्डाणपुलाचा. पूल आणि खालचा रस्ता एकमेकांवरून जातात, मिळत नाहीत. तिथे उत्साहाने ठिपका सामाईक केलात तर यंत्र गाडीला पुलावरून डावीकडे वळायला सांगेल. पुलाचा तुकडा वेगळा करावा, त्यावर ‘ब्रिज’ आणि ‘लेअर 1’ लिहावं, आणि निर्धास्त व्हावं.

मग प्रश्न येतो मानपानाचा, म्हणजे रस्त्याच्या वर्गाचा. 1943 मध्ये नागपुरात देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, गाव अशी रस्त्यांची उतरंड ठरली. भारतात या नकाशावर साधारण तीच चालते: राष्ट्रीय महामार्ग तो ट्रंक, राज्य महामार्ग तो प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्ग तो सेकंडरी. गावाला गाव जोडणारा लहान रस्ता अनक्लासिफाइड. हा स्वतःच एक वर्ग आहे. ‘काही कळेना’ या अर्थाने तो वाटेल तिथे लावू नये. शेतात जाणारी पाणंद ती ट्रॅक. गंमत अशी की या सगळ्यांची मुख्य किल्ली एकच, ‘हायवे’. पायवाटेलाही तीच. म्हशींची वाटसुद्धा या दप्तरी हायवेच आहे, तेव्हा कोणी मन लहान करू नये.

तरी लोक करतात. आपल्या दारावरचा रस्ता एक पायरी वर चढवावा, हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. जागेचा भाव वाढतो अशी समजूत असते. प्रत्यक्षात वाढते ती वर्दळ. नकाशाच्या भरवशावर निघालेला कंटेनर गल्लीत शिरतो, चौकातल्या पिंपळाच्या पाराला अडतो आणि रात्रभर तिथेच राहतो. सकाळी रस्ता आपोआप आपल्या वर्गात परत येतो. रस्त्याला नंबर देतानाही आठवणींवर विसंबू नका. 2010 मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. मुंबई-गोवा 17 चा 66 झाला, पुणे-सोलापूर 9 चा 65. चहाच्या टपरीवर जुनेच चालतात, तिथे चालू द्यावेत.

रस्त्याच्या प्रकृतीसाठी ‘स्मूदनेस’ नावाचा रकाना आहे आणि तो भरताना ज्याला आनंद होत नाही त्याने हा छंद सोडावा. एक्सलंट, गुड, इंटरमीजिएट, बॅड, व्हेरी बॅड, हॉरिबल, व्हेरी हॉरिबल आणि शेवटी इम्पासेबल. ही शिवीगाळ नाही, अधिकृत श्रेणी आहेत. कोणतं चाक निभावतं त्यावर त्या ठरतात. रिक्षा जात असेल तर बॅड, ट्रॅक्टरच जात असेल तर व्हेरी हॉरिबल. इथे बऱ्याच सज्जनांची कुचंबणा होते. कोपऱ्यावर डांबरीकरणाचा फलक, त्यावर निधी, लांबी, सगळं तपशीलवार. फलकाच्या पायाशी खडी आणि गुडघाभर खड्डा. लिहायचं काय? नियम स्पष्ट आहे: जमिनीवर आहे ते लिहा. बिल निघालं की नाही हा या नकाशाचा विषय नाही, आणि त्यामुळेच तो इतकी वर्षं सुरळीत चालला आहे.

एकेरी रस्त्याला मात्र हाच नियम जरा वेगळा लागतो. पुण्यात जंगली महाराज रस्ता एकेरी आहे. तिथे उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार जमिनीवर आहेत, हे खरं. तरी त्यांची नोंद करायची नाही. पाटी काय सांगते ते लिहायचं.

नावांबाबत संयम हवा. फर्ग्युसन रस्ता अधिकृतपणे नामदार गोखले रस्ता आहे, पण रिक्षावाल्याला गोखल्यांकडे न्या म्हणालात तर तो कोणत्या गोखल्यांकडे असं विचारेल. यासाठी मुख्य नाव, अधिकृत नाव, जुनं नाव, स्थानिक नाव असे वेगवेगळे रकाने आहेत आणि मराठी नावासाठी स्वतंत्र सोय आहे. सगळे भरावेत, म्हणजे सगळे पक्ष थोडेथोडे समाधानी राहतात. गावाच्या नावाला बुद्रुक की खुर्द ते लावल्याशिवाय उठू नये. चौकातल्या फ्लेक्सवरचं नाव चौकाचं नसतं, वाढदिवस असलेल्या भाऊंचं असतं. ते आठवड्याने उतरतं.

सर्वांत धोक्याचा रस्ता म्हणजे भावकीतला. एखादे गृहस्थ चुलतभावाच्या उसातून ठळक रेघ ओढतात, छापून घेतात आणि तहसील कचेरीत हजर होतात: “इंटरनेटवर रस्ता आहे, साहेब!” उपयोग शून्य. बांधावरून वाट देण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 143 प्रमाणे तहसीलदारांना आहे, माऊसला नाही. अडवलेली वहिवाट मोकळी करून घ्यायची तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 आहे. चुलतभाऊही काही कमी नसतो. तो रात्री खातं उघडून तोच रस्ता पुसून टाकतो. नकाशावरून पुसल्याने बैलगाडी अडत नाही. बाभळीच्या काट्या टाकल्या की अडते, आणि हे दोघांनाही ठाऊक असतं.

अशी खोडाखोड लपत नाही. प्रत्येक बदल कोणी, कधी केला याचा इतिहास कायम राहतो आणि कोणीही तो बदल उलटवू शकतो. म्हणून जतन करताना काय केलं ते नीट लिहावं. ‘अपडेट’ किंवा ‘थोडं केलं’ हे पुरेसं नाही. ‘मारुती मंदिर ते जिल्हा मार्ग, पाणंद नव्याने काढली, पायी जाऊन पाहिली’ असं लिहिलंत तर जर्मनीतला एखादा निवृत्त गृहस्थही तुमच्या पाणंदीला हात लावायला कचरेल. त्यानेच निरोप पाठवून चूक दाखवली, तर तुमच्या गावाचा जाज्वल्य इतिहास त्याला कळवू नये. आधी चूक आहे का बघावं.

आणि फरशी. हे सगळ्यांत शेवटी सांगतोय, पण काम पहिलं हेच करा. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते जगभरच्या घरबशा लोकांनी काही दिवसांत या नकाशावर काढून दिले आणि मदत पथकं त्यावर चालली. आपल्याकडे एवढ्या मोठ्या संकटाची वाट बघायला नको, एक जुलै पुरतो. ओढ्यावरचा बुटका फरशी पूल गावाला माहीत असतो. रात्री परक्या तालुक्यातून येणाऱ्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला नसतो. नकाशाखालचं चित्र ढग नसताना, कोरड्या दिवसांत घेतलेलं असतं, त्यात तो ओढा निरुपद्रवी दिसतो. पावसात पाणी चढणाऱ्या रस्त्यासाठी ‘फ्लड प्रोन’ अशी साधी खूण आहे. आपापल्या गावची फरशी मे संपायच्या आत नोंदवून टाका.